जुन्या टेम्पो-ट्रकमध्ये अँप्लिफायर बसवताना: बॅटरीपासून वूफरपर्यंतची वायरिंग

जुन्या गाडीत अँप बसवला आणि आवाज फाटतो, शिट्टी येते, अँप मध्येच बंद पडतो किंवा फ्यूज उडतो, तर बहुतेक वेळा दोष अँपमध्ये नसतो. तो अर्थमध्ये असतो, म्हणजे निगेटिव्ह परत बॅटरीपर्यंत जाण्याच्या रस्त्यात. पॉझिटिव्ह वायर सगळे हौसेने जाड घेतात. निगेटिव्ह मात्र गंजलेल्या पत्र्यावर एक स्क्रू आवळून सोडून देतात. म्हणून या लेखात अर्थवर जास्त वेळ घालवला आहे.

उदाहरणासाठी १२ व्होल्टची जुनी गाडी धरू: ४०७ सारखा टेम्पो किंवा पिकअप. त्यात ४ चॅनलचा, दर चॅनलला ५० वॅट आरएमएसचा, म्हणजे सतत देता येणाऱ्या ताकदीचा, अँप. दोन चॅनलवर दरवाज्यातले दोन स्पीकर, उरलेले दोन ब्रिज करून, म्हणजे एकत्र जोडून एकासारखे वापरून, सीटमागे एक ८ किंवा १० इंची वूफर. २४ व्होल्टच्या मोठ्या ट्रकसाठी काय बदलतं ते पुढे वेगळं सांगितलं आहे, पण तुमची गाडी किती व्होल्टची आहे हे सामान घ्यायच्या आधी बघा. बॅटऱ्या मोजून अंदाज येतो, खात्री मीटरने करा. इंजिन बंद असताना १२.४ ते १२.७ व्होल्ट दिसले तर १२ ची गाडी, साधारण २५ दिसले तर २४ ची.

आधी गाडी तपासा

इंजिन चालू करून, थोडी रेस देऊन बॅटरीवर व्होल्टेज मोजा. १३.८ ते १४.४ हवेत. १३ च्या खाली राहत असेल तर अल्टरनेटर, रेग्युलेटर किंवा बेल्टचं काम आधी करून घ्या. अँप लावून ते सुधारणार नाही. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेलेला आहे. अशा गाडीत अँप स्वतःला वाचवायला सारखा बंद पडेल, आणि बॅटरीचं पाणीही उकळून जाईल.

मग अल्टरनेटरवरची पट्टी वाचा. जुन्या गाडीत ४५ अँपिअरच्या आसपास काहीतरी लिहिलेलं असतं. रात्री दोन ६० वॅटचे हेडलाइट जवळपास ९ अँपिअर खातात. त्यात टेललाइट, वायपर, पंखा धरला की २० अँपिअर सहज गेले. उरतात २५, आणि आयडलिंगला तेवढेही नाहीत. आता अँपचा हिशोब करू. दोन स्पीकरना ५०-५० आणि वूफरला १५० मिळून २५० वॅट. क्लास एबी प्रकारचा अँप घेतलेल्या विजेतली निम्म्याहून थोडी जास्तच आवाजात बदलतो, बाकीची उष्णता होते. म्हणजे पूर्ण जोर लागला की ४५० वॅट, अर्थात ३३ अँपिअरच्या आसपास. गाणं मात्र सतत पूर्ण जोरात नसतं. सरासरी या आकड्याच्या तिसऱ्या हिश्शाहून कमीच निघते. त्यामुळे ही जोडणी ४५ च्या अल्टरनेटरवर चालते. याच्या दुप्पट अँप चालणार नाही.

खोक्यावर ‘२००० वॅट’ लिहिलेलं असतं, त्याकडे दुर्लक्ष करा. अँपच्या अंगावरचे फ्यूज बघा. २० चे दोन असतील तर ४० अँपिअर, गुणिले १३.८, गुणिले ०.५५, म्हणजे अंदाजे ३०० वॅट. अँप खरा तेवढाच. क्लास डी (कमी वीज वाया घालवणारा प्रकार) असेल तर ०.५५ ऐवजी ०.८ धरा.

सामान

मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत बरंचसं एका फेरीत मिळतं. गाडीचं खास सामान ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानातून घ्या.

- मुख्य वायर: १० स्क्वेअर एमएम, बारीक तारांची लवचीक तांब्याची. लाल ५ मीटर, काळी २ मीटर.
- फ्यूज होल्डर झाकणासकट, ४० अँपिअरचा फ्यूज, आणि दोन जादा.
- स्पीकर वायर: १.५ स्क्वेअर एमएम, दोन तारांची, १० मीटर.
- रिमोटसाठी, म्हणजे डेक (गाडीतला म्युझिक प्लेयर) सुरू झाला की अँपला जागं करणाऱ्या वायरीसाठी, ०.७५ स्क्वेअर एमएम, ५ मीटर.
- आरसीए केबलच्या (डेकचा सिग्नल अँपकडे नेणाऱ्या) दोन जोड्या, ३ ते ५ मीटर.
- १० स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवायच्या भोकाच्या टोप्या), ८ एमएम भोकाच्या सहा आणि ६ एमएम भोकाच्या दोन.
- केबिन ते चॅसिस अर्थ पट्टी: १६ स्क्वेअर एमएम किंवा जाड, अर्धा मीटर.
- रबरी ग्रोमेट (पत्र्याच्या भोकात बसवायची कडी), फ्लेक्झिबल पाइप ४ मीटर, हीट श्रिंक स्लीव्ह, केबल टाय, ८ एमएम नट-बोल्ट, दातेरी वॉशर, १२ एमएम प्लायचा तुकडा.
- मल्टिमीटर आणि २१ वॅटचा इंडिकेटर बल्ब होल्डरसकट. बल्ब कशाला, ते पुढे कळेल.

वायर घेताना टोक चाकूने खरवडून बघा. आत चंदेरी निघालं तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर आहे. तयार ‘अँप किट’मध्ये बहुधा हीच असते. तिचा विरोध (रेझिस्टन्स) तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो, आणि हादऱ्याने ती थिंबलपाशी तुटते. घरातली वायरिंगची वायरही नको: तिच्या तारा मोजक्या आणि जाड असतात, गाडीच्या हादऱ्यात एकेक करून तुटतात.

जाडी १० च का? ४ मीटर लांबीत ३३ अँपिअर गेले तर १० स्क्वेअर एमएममध्ये पाव व्होल्ट पडतो, ४ स्क्वेअर एमएममध्ये जवळजवळ ०.६. वरून वायर तापते ती वेगळीच.

पॉझिटिव्ह वायर

कामाला हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह सुटी करा, मग गरज असेल तर पॉझिटिव्ह. उलट केलंत आणि पॉझिटिव्ह सोडताना पाना बॉडीला टेकला, तर पाना तिथेच वेल्ड होतो. लावताना आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह.

फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलपासून वायरच्या लांबीत ४५ सेंटिमीटरच्या आत हवा. अँपजवळ लावलेला फ्यूज अँपला वाचवतो, वायरला नाही. आणि आग वायरीला लागते. बॅटरी आणि फ्यूज यांमधला तेवढाच तुकडा बिनसंरक्षणाचा असतो, म्हणून तो तोकडा ठेवायचा आणि पाइपमध्ये घालायचा.

बॅटरी चॅसिसच्या बाजूला पेटीत असेल तर वायर चॅसिसच्या आतल्या कडेने केबिनच्या तळापर्यंत आणा. सायलेन्सरपासून वीतभर तरी लांब, डिझेल आणि ब्रेकच्या पाइपला टाय मारून कधीच नाही. दर २५-३० सेंटिमीटरला क्लॅम्प किंवा टाय. केबिन पुढे झुकणारी असेल तर बिजागरीपाशी वळसा सैल ठेवा आणि केबिन एकदा पूर्ण उचलून बघा, वायर ताणली जात नाही ना. पत्र्याला भोक पाडण्याआधी खाली वाकून पलीकडे काय आहे ते डोळ्यांनी बघा. ड्रिल ब्रेक पाइपमध्ये गेलं तर अँप राहील बाजूला. भोकात ग्रोमेट बसवल्याशिवाय वायर ओढू नका. पत्र्याची कड आणि हादरे मिळून काही महिन्यांत इन्सुलेशन कापतात.

अर्थ

जुन्या ट्रकची केबिन चॅसिसवर रबरी बुशांवर बसलेली असते. रबरातून वीज जात नाही. म्हणजे केबिनच्या पत्र्याला लावलेला अर्थ बॅटरीपर्यंत पोचतो तो केबिन आणि चॅसिसला जोडणाऱ्या एका पट्टीतून. ही पट्टी पंधरा-वीस वर्षांत सडते, किंवा डेंटिंग-पेंटिंगनंतर परत लावायची राहून जाते. तरीही गाडी चालते, कारण दिवे-वायपरचा थोडासा करंट स्पीडोमीटरच्या केबलमधून, ॲक्सिलरेटरच्या तारेतून कसातरी परत जातो. अँपचे ३० अँपिअर तिथून जाणार नाहीत.

तेव्हा आधी केबिन ते चॅसिस अशी नवी १६ स्क्वेअर एमएमची पट्टी टाका. दोन्ही टोकांना रंग आणि गंज घासून चकचकीत लोखंड दिसू द्या: पॉलिश पेपर नाही, ग्राइंडर किंवा वायर ब्रश. थिंबल, दातेरी वॉशर, ८ एमएमचा बोल्ट, घट्ट आवळणे, आणि आवळल्यानंतर वरून ग्रीस किंवा रंग. आधी ग्रीस लावून मग आवळू नका. चॅसिस ते इंजिन पट्टी आणि बॅटरीचं निगेटिव्ह चॅसिसला जिथे लागतं ती जागा, हीही तशीच साफ करा. पावसाळ्यातल्या चिखलाने सर्वात आधी तीच जागा खाल्लेली असते.

अँपची काळी वायर ४५ सेंटिमीटरच्या आत केबिनच्या जाड पत्र्याला किंवा आडव्या पट्टीला बोल्टने. जाडी लाल वायरइतकीच. सीटबेल्टचा बोल्ट वापरू नका, आणि पत्र्याचा टोकदार स्क्रू तर नकोच. डेकची काळी वायर जुन्या हार्नेसमध्ये न ठेवता याच बोल्टवर आणा. अँप आणि डेक यांचा अर्थ एका ठिकाणी आला की शिट्टीचा निम्मा प्रश्न तिथेच मिटतो.

इथे एक सापळा आहे. ‘अर्थचा त्रास नको’ म्हणून काही जण अँपचं निगेटिव्ह सरळ बॅटरीच्या टर्मिनलवर नेतात. कितीतरी ट्रकमध्ये मेन स्विच असतो, आणि तो निगेटिव्ह केबलमध्ये असू शकतो. तसा स्विच बंद केला की चॅसिस बॅटरीपासून तुटतं. पण अँपचं निगेटिव्ह बॅटरीवरच राहतं, आणि अँप व डेक यांना आरसीए केबलमधली अर्थची बारीक जाळी जोडते. मग गाडीतला कुठलाही चालू दिवा आपला परतीचा रस्ता त्या जाळीतून शोधतो. कोणी सेल्फ मारला तर जाळी वितळते आणि डेकच्या आतली आरसीएची अर्थ पट्टी जळते. यानंतर डेक वाजतो, पण शिट्टी कायमची बसते. म्हणून अर्थ बॉडी किंवा चॅसिसलाच द्या.

अर्थ चांगला झाला की नाही हे ओहमच्या रेंजवर कळत नाही. स्वस्त मीटरच्या वायरींचाच विरोध त्याहून जास्त असतो. सगळं जोडून झाल्यावर इंजिन चालू, आवाज मोठा, मीटर डीसी २००० मिलिव्होल्टवर. एक टोक अँपच्या अर्थ टर्मिनलला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला. क्लिपला नाही, शिशाच्या खांबाला. ०.१ ते ०.२ व्होल्ट ठीक. ०.५ च्या वर गेलं तर एक टोक जागचं न हलवता दुसरं टोक जोडामागून जोड पुढे सरकवा: केबिनचा बोल्ट, पट्टीचं वरचं टोक, खालचं टोक, चॅसिसचा बोल्ट. आकडा जिथे एकदम उडी मारतो, तो जोड खराब.

डेक, रिमोट आणि आरसीए

अलीकडच्या बहुतेक डेकमध्ये पिवळी कायम प्लस, लाल चावीची, काळी अर्थ, निळी-पांढरी अँपच्या रिमोटची. पूर्ण निळी असेल तर ती ॲण्टेनाची. काही डेकमध्ये ती फक्त रेडिओ लावल्यावर चालते आणि मग ‘पेनड्राइव्हवर अँप चालत नाही’ अशी तक्रार येते. रिमोटवर फक्त अँप जागा करायचा; पंखा, एलईडी पट्टी लावून तिच्यावर भार टाकू नका.

निळी-पांढरी नसलेला जुना टेप असेल तर रिमोट चावीच्या लाइनवरून १ अँपिअरच्या फ्यूजमधून घ्या आणि मध्ये एक छोटा स्विच टाका. जुन्या गाडीत चावीला ॲक्सेसरीची जागाच नसते. स्विच नसेल तर सेल्फ मारताना दरवेळी वूफर ‘धप्प’ करतो.

टेपला आरसीए नसेल तर स्पीकरच्या तारा अँपच्या हाय-लेव्हल (स्पीकरचा सिग्नल थेट घेणाऱ्या) इनपुटला द्या. त्याआधी जुनी स्पीकर वायरिंग पूर्ण काढा. जुन्या गाड्यांत स्पीकरचं एक टोक बॉडीला जोडलेलं सापडतं. आजच्या डेकच्या स्पीकरच्या दोन्ही तारांवर बॉडीच्या तुलनेत सहा-सात व्होल्ट असतात. त्यातली एक बॉडीला टेकली की डेकची आयसी गेली. नव्या तारा दोन-दोनच्या जोडीने, कुठेही अर्थ न लावता.

आरसीए केबिनच्या एका बाजूने, लाल वायर दुसऱ्या बाजूने. ओलांडावं लागलंच तर काटकोनात. चालू अँपची आरसीए ओढू नका.

अँपची जागा आणि स्पीकर

अँप थेट पत्र्यावर ठोकू नका. १२ एमएम प्लाय पत्र्याला, आणि अँप प्लायला. पत्रा घामेजतो, हादरतो, आणि अँपची बॉडी पत्र्याला लागली की अर्थचा दुसरा रस्ता तयार होतो. सीटखाली जागा असते, पण धूळ आणि पायाने येणारं पाणी तिथेच जमतं. सीटमागे, तळापासून चार बोटं वर, उत्तम. भोवती २-३ सेंटिमीटर हवा हवी. छताला उलटा टांगू नका.

४ ओहमचा वूफर ब्रिजवर चालतो. २ ओहमचा, किंवा ४ ओहमचे दोन वूफर पॅरलल लावून ब्रिज केलेत तर यातले बहुतेक अँप प्रोटेक्शनमध्ये जातात, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडतात. दर अँपवर ब्रिजसाठी किमान किती ओहम ते छापलेलं असतं. ब्रिजमध्ये एका चॅनलचा प्लस आणि दुसऱ्याचा मायनस, कोणता ते टर्मिनलवर रेषेने दाखवलेलं असतं. स्पीकरची उलटसुलट बाजू १.५ व्होल्टच्या सेलने बघा: प्लसला प्लस लावल्यावर पडदा बाहेर यायला हवा. एक दरवाजा उलटा लागला की बास गायब होतो आणि लोक स्पीकर बदलत बसतात.

दरवाज्यात काच पूर्ण खाली आणून भोक आखा. चुंबक काचेला लागतो हे भोक पाडल्यावर कळून उपयोग नाही.

पहिल्यांदा चालू करताना

मुख्य फ्यूज काढलेला ठेवून बॅटरी जोडा. आता फ्यूजच्या जागी तो २१ वॅटचा बल्ब लावा, डेक बंद ठेवून. बल्ब क्षणभर लखलखून विझला तर ठीक: अँपचे कपॅसिटर भरले. पूर्ण उजेडाने पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे किंवा अँपचे प्लस-मायनस उलटे लागलेत. बल्ब आहे म्हणून करंट पावणेदोन अँपिअरच्या आत राहतो आणि शांतपणे शोधता येतं. विझल्यावर बल्ब काढून फ्यूज घाला.

गेन म्हणजे आवाजाचं बटण नाही. तो डेकच्या सिग्नलशी अँपची पातळी जुळवतो, आणि मीटरने लावता येतो. स्पीकर सोडवा, फिल्टर बंद करा, गेन शून्यावर आणा, डेकचे बास-ट्रेबल मध्यावर, लाउडनेस बंद, आवाज तीन-चतुर्थांश. मोबाइलवर किंवा पेनड्राइव्हवर ६० हर्ट्झचा टोन लावा. ६० च, कारण साधे पिवळे मीटर ४०० हर्ट्झच्या वर एसी नीट दाखवत नाहीत. अँपच्या आउटपुटला मीटर एसी २०० वर लावून गेन हळू वाढवा. किती व्होल्टपर्यंत? वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. ५० वॅट, ४ ओहमला १४.१, ब्रिजच्या १५० वॅटला २४.५. तिथे थांबा.

मग स्पीकर जोडून फिल्टर लावा: दरवाज्यांना हाय-पास (खालचे सूर अडवणारा) ८० ते १०० हर्ट्झ, वूफरला लो-पास (वरचे सूर अडवणारा) ८०. हाय-पास न लावता दरवाज्याचे स्पीकर चालवले की पत्र्याचा खडखडाट गाण्यापेक्षा मोठा होतो.

२४ व्होल्टचा ट्रक

दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात, आणि मधल्या जोडावरून १२ व्होल्ट काढायचा मोह सगळ्यांना होतो. नको. त्याने एकाच बॅटरीवर भार पडतो. अल्टरनेटर मात्र दोघींना मिळून २८ व्होल्ट देतो, म्हणून खालची अर्धपोटी राहते आणि वरची जास्त चार्ज होऊन उकळते. थोड्याच महिन्यांत दोन्ही जातात.

स्विचिंग प्रकारचा २४ ते १२ कन्व्हर्टर घ्या. आकडा सतत चालणारा बघा, ‘पीक’ नव्हे. या अँपला ३० अँपिअर सतत देणारा लागेल. टेपसाठी मिळणारा ५-१० अँपिअरचा रिड्यूसर गाणं जोरात आलं की बसतो. डेक आणि अँप दोन्ही त्याच कन्व्हर्टरवर घ्या. फ्यूज दोन्ही बाजूंना: २४ च्या बाजूला २५ अँपिअर, १२ च्या बाजूला ४०. कन्व्हर्टर तापतो, त्याला हवा द्या.

शिट्टी आली तर

इंजिनच्या वेगाबरोबर वाढणारी शिट्टी अल्टरनेटरची. डिझेल गाडीला स्पार्क प्लग नाहीत, त्यामुळे टकटक येत असेल तर ती फ्लॅशर किंवा वायपर मोटरची. सगळं बंद करून अँपमधून आरसीए काढा, पुन्हा चालू करा. शिट्टी राहिली तर अँपचा अर्थ किंवा पॉवर. गेली तर दोष डेककडे: त्याचा अर्थ, आरसीएचा मार्ग, किंवा जळलेली अर्थ पट्टी. बाजारात मिळणारा ग्राउंड लूप फिल्टर शेवटचा उपाय. त्याने शिट्टीबरोबर थोडा बासही जातो.

इंजिन बंद ठेवून रात्रभर गाणी लावणाऱ्यांसाठी: मध्यम आवाजात ही जोडणी ५-६ अँपिअर घेते. ७५ अँपिअर-तासाची चांगली बॅटरी सहा तासांत निम्मी होते, जुनी तीन तासांत. सकाळी सेल्फ लागला पाहिजे.

हजार-दीड हजार किलोमीटर झाल्यावर फ्यूज होल्डरचे स्क्रू, बॅटरीची थिंबल आणि अर्थचे सगळे बोल्ट पुन्हा आवळा. हाताला गरम लागणारा जोड सैल आहे. तो उघडून, घासून परत बसवा.